पाचव्या नळीतलं रक्त

ताई जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करत चढली. पन्नाशीला टेकलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाईने असं चढू नये हे तिला कळत होतं. पण सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेतल्या जोडीदाराने तिच्यासमोर एक कागद ठेवला आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. कागदावर पाच ओळी होत्या. तिसरी ओळ वाचून ती जागीच आनंदाने रडली होती. चौथी तिने तीनदा वाचली होती. घरच्यांच्याच रक्ताचे नमुने, म्हणून तिने ते स्वतः तपासले नव्हते, जोडीदारावर सोपवले होते. आता पाच वाजेपर्यंत त्या कागदाचं काय ते ठरवायचं होतं.

घर वर, कारखाना खाली. कारखाना म्हणजे पुस्तकबांधणीचा; वडिलांनी, म्हणजे अण्णांनी सुरू केलेला, आता थोरल्या भावाच्या हातात. दार आईने उघडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या बाईला लेकीचा चेहरा वाचायला चष्मा लागत नसे.

"चांगलं की वाईट?" आईने विचारलं.

"दोन्ही. आधी तुझ्याशी एकटीशी बोलायचंय."

"या घरात भिंतींना कान नाहीत, तोंडं आहेत," आई म्हणाली. "जे काय असेल ते सगळ्यांसमोर सांग. नाहीतर एकाचं दुसऱ्याला कळेपर्यंत राईचा पर्वत होईल."

थोरल्याला खालून बोलावलं. तो हातावरची खळ पुसत आला. चोपन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, कमी बोलणारा, आणि बोलला की जरा तिरकंच बोलणारा. धाकटा भाऊ घरीच होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि टाचणीच्या तपासणीचा कागद येणार म्हणून आज रजेवर होता. सून टाचणीला मांडीवर घेऊन बसली होती.

टाचणी म्हणजे धाकट्याची सात महिन्यांची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी, आणि आवाज मात्र टोचणारा, म्हणून थोरल्या काकानेच हे नाव पाडलं. दीड महिन्याने तिला रोज सुया टोचायची वेळ आली तेव्हा त्याने ते नाव बंद करायला लावलं, पण चिकटलेलं नाव सुटतंय कुठे. तिचा आजार आधी तिच्या आईला, म्हणजे सुनेलाच कळला होता. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. पोरगी तासातासाला ओली होते, दूध ओढते तरी ओठ कोरडे, हे पाहून तिने दुकानातलं साखर मोजायचं यंत्र घरी आणलं. यंत्राने आकडाच दाखवला नाही, इतकी साखर वर गेली होती. तेव्हापासून दिवसातून चार वेळा इन्सुलिन. तेव्हाच सासूच्या तोंडून एक वाक्य निसटलं होतं: आमच्यात असं कधी कुणाला झालं नाही. ते वाक्य सून विसरली नव्हती, आणि ती विसरली नाही हे सासूला माहीत होतं.

ताईने कागद टेबलावर ठेवला आणि बोलायला लागली. बोलता बोलता उभीच राहिली. तिला बसवेना.

"सापडलं. आम्ही चार वर्षं ज्या जनुकाच्या मागे होतो, टाचणीचा आजार त्यातूनच आलाय. सगळ्या जगात अशी पाच मुलं माहीत आहेत. ही सहावी."

आईला काही कळलं नाही हे तिच्या भुवयांवरून दिसलं. मग ताईने तिला तिच्याच भाषेत सांगितलं. आपल्या पोटात स्वादुपिंड असतं, त्यात इन्सुलिन करणाऱ्या पेशी. एकेक पेशी म्हणजे आपला कारखाना समज. छापलेला कागद आत येतो, त्याची घडी पडते, घडी झालेला माल पुढच्या टेबलावर जातो आणि तिथून बाहेर. टाचणीच्या पेशीत घडी घालणारी माणसं आहेत, पण माल पुढच्या टेबलावर नेणारा हमालच नाही. मग काय होईल?

"ढीग लागेल," थोरला म्हणाला. "मग घाई. घाईत घड्या चुकणार. चुकलेल्या घड्यांचा आणखी ढीग."

"तेच. त्याला आम्ही पेशीवरचा ताण म्हणतो. पेशी आधी नवा माल घेणं थांबवते, साफसफाई करू बघते. नाहीच जमलं तर स्वतःलाच कायमचं कुलूप लावते. आम्ही काचेच्या ताटलीत अशा पेशी वाढवल्या, त्यांच्यातलं तेवढं एकच जनुक बिघडवलं, आणि त्या अशाच मेल्या. मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलंय, दादा. डोळ्यांनी."

तिचा आवाज चढला होता. तिच्या आनंदाची लागण व्हायला वेळ लागत नसे, आणि धाकट्याचे डोळेही चमकायला लागले. मग औषध आहे का, हे विचारलं सुनेने. औषध आज नाही, इन्सुलिन चालूच राहणार, ताईने सरळ सांगितलं. पण पेशींवरचा हा ताण हलका करणारं एक औषध तपासणार आहेत, आणि ज्यांची नावं अशा मुलांच्या यादीत असतील त्याच मुलांना त्यात आधी घेणार. टाचणीच्या काही पेशी अजून जिवंत असतील. जितक्या लवकर, तितक्या जास्त वाचतील. यादी आज पाच वाजता बंद होणार.

"मग घाल की नाव," आई म्हणाली. "अडलंय कुठे?"

ताई बसली. इतका वेळ उभी असलेली बाई बसली हे सगळ्यांना बोचलं.

बिघडलेल्या जनुकाच्या दोन प्रती लागतात, ती म्हणाली. एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच असलेल्या माणसाला काही होत नाही, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. टाचणीत दोन्ही आहेत. दोघांकडून एकेक आली हे दाखवलं तरच तिचं नाव यादीत जातं. सुनेच्या नळीत एक प्रत सापडली. आईच्या नळीत एक सापडली.

"माझ्या?" आई म्हणाली.

"तुझ्या."

 आईने सुनेकडे पाहिलं. आमच्यात असं कधी कुणाला झालं नाही हे वाक्य त्या क्षणी खोलीत परत येऊन बसलं आणि तिने त्याला ओळखलं.

"दादाच्या नळीत एक आहे," ताई पुढे म्हणाली. ती आता कागदाकडेच बघत होती. "धाकट्याच्या नळीत नाही. एकही नाही."

पुढचं सगळ्यांनाच कळलं होतं. बापाकडे नाही, आणि त्याच घरात राहणाऱ्या त्याच्या मोठ्या भावाकडे आहे. ताईने घाईघाईने सांगितलं की याची दुसरीही कारणं असतात. कधी कधी, फार क्वचित, एकाच पालकाकडून दोन्ही प्रती येतात. विज्ञानात ते ठाऊक आहे. पण हे सांगताना तिला बसमधले दोन थांबे आठवले. त्या दोन थांब्यांपुरता तिने स्वतः भलताच विचार केला होता आणि मग स्वतःची लाज वाटून खिडकीबाहेर बघत बसली होती.

थोरला उठला. शर्टाची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. "पुन्हा काढा," एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा इतका लाल झाला होता की आईने त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

आणि धाकटा? धाकट्याने कागद उचलला. वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. बायकोकडे बघितलंही नाही. कागद खिशात घातला आणि एक शब्द न बोलता जिना उतरून गेला.

*

सुनेने टाचणीला आतल्या खोलीत नेलं. दुपारचा डोस द्यायचा होता. जगबुडी आली तरी त्याची वेळ चुकवून चालत नाही. तिने पोरीच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढला, आकडा पाहिला, सुईत दोन रेघा औषध ओढलं.  तिला रडू येत होतं, आणि ते टाचणीसाठी नव्हतं. पाच वर्षांत ती आणि धाकटा भांडले होते ते चहात साखर किती आणि पंखा किती वेगाने, एवढ्याचवर. हा माणूस पाच मिनिटं गप्प बसला तर घरात कुणीतरी आजारी आहे असं समजावं. आणि आज तो एक शब्द न बोलता गेला.

सासू आत आली. दार लावून घेतलं. सुनेला वाटलं, आता विचारणार. तिने उत्तर तयार ठेवलं होतं, आणि ते गोड नव्हतं.

सासूने विचारलंच नाही. ती पलंगाच्या कडेला बसली आणि टाचणीचा पाय हातात धरला, सुईच्या वेळी धरतात तसा.

"तो कागद खोटा आहे," ती म्हणाली. "का खोटा ते मला सांगता येणार नाही, मी काही शिकलेली नाही. पण माझी सून खोटी असेल तर या घरात मीही खोटी. बाहेर कुणी तोंड उघडलं तर त्याची गाठ माझ्याशी आहे, मग तो माझा लेक असला तरी."

सुनेने सुई टोचली. टाचणीने एकदा कळवळून ओरडून घेतलं आणि आजीचं बोट तोंडात घातलं.

"आणि आमच्यात असं कधी नव्हतं म्हणाले होते ना," सासू पुढे बोलली, "ते माझ्यातच होतं. साडेपाच महिने तू ते ऐकून घेतलंस. मला तेव्हाच जीभ आवरायला हवी होती. चुकलं माझं."

सुनेला हे अपेक्षित नव्हतं. ज्या बाईच्या विरोधात तिने मनात एवढी तयारी केली होती, तीच बाई तिच्या बाजूने उभी होती. आणि ज्याच्या जिवावर ती या घरात आली होती तो मात्र खाली निघून गेला होता. तिला मोठमोठ्याने हसावं की रडावं ते कळेना. "आई, ते गेले ना," ती म्हणाली. सासूने टाचणीला उचलून सुनेच्या खांद्यावर दिलं. 

*

थोरला खाली गेला तो भावाला शोधायला नाही. त्याला हातांना काम हवं होतं. एका शालेय पुस्तकाची जुळवणी अर्धी राहिली होती; लांब टेबलावर फर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडलेले होते. सोळा-सोळा पानांच्या घड्या, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत. कागद कापायच्या यंत्रापाशी धाकटा उभा होता. त्याने खळीचे पाच रिकामे डबे टेबलाच्या कडेला ओळीने ठेवले होते आणि हातात चिकटपट्टीचा तुकडा होता. त्यावर पेनने एक ते पाच आकडे लिहिलेले.

"दादा, हे नंबर या डब्यांना लाव," तो म्हणाला.

थोरल्याला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. माझी इज्जत टांगणीला लागलीय आणि हा डबे मांडतोय. पण धाकट्या भावाचा आवाज थरथरत होता, आणि लहानपणापासून तो आवाज थरथरला की धाकटा सांगेल ते थोरला करत आला होता. त्याने पट्टी घेतली. पहिला आकडा फाडला आणि ओळीच्या पार टोकाच्या, शेवटच्या डब्यावर चिकटवला. मग दुसरा, त्याच्या अलीकडच्या डब्यावर.

"थांब," धाकटा म्हणाला. "शेवटापासून का सुरू केलंस?"

"म्हणजे? शेवटापासूनच करतात. शेवटचा फर्मा आधी खाली ठेवायचा, मग त्याच्या आधीचा त्याच्यावर. तरच पहिला वर येतो. अण्णांनी मारून मारून शिकवलंय. चाळीस वर्षं हात दुसरीकडून सुरू झालेला नाही."

धाकटा खाली बसला. जमिनीवरच, कागदाच्या कातरणात. आणि हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला.

"नर्स रक्त काढायला आली होती, त्या दिवशी नळ्यांना नंबर कुणी लावले?"

थोरल्याच्या डोळ्यांसमोर तो दिवस उभा राहिला. टाचणीने घर डोक्यावर घेतलं होतं, नर्स तिच्या टाचेवर कापूस दाबून बसली होती. ताईने यादी पाठवली होती: एक आई, दोन दादा, तीन टाचणी, चार धाकटा, पाच सून. नर्सने नळ्या त्याच क्रमाने स्टँडमध्ये उभ्या केल्या होत्या. भाऊ, नंबर तेवढे ओळीने लावून टाका, ती म्हणाली होती. आणि त्याने लावले होते. पट्टीवरचा पहिला आकडा सुनेच्या नळीवर, दुसरा धाकट्याच्या, तिसरा मधल्या नळीवर, चौथा स्वतःच्या, पाचवा आईच्या. टाचणीची नळी बरोबर मध्ये होती. उलट मोजा की सुलट, तिचा नंबर तीनच.

"म्हणून कुणाला शंका आली नाही," धाकटा म्हणाला. "बायकांच्या नळीत बायका, पुरुषांच्या नळीत पुरुष. वाच आता कागद खालून वर."

थोरल्याने वाचला. चार नंबर, म्हणजे तो स्वतः: काही नाही. दोन नंबर, म्हणजे धाकटा: एक प्रत. एक नंबर, सून: एक प्रत. सगळं जागच्या जागी बसत होतं. तोही भावाशेजारी बसला, आणि चोपन्न वर्षांचा आणि अडतीस वर्षांचा असे दोघे कातरणात बसून हसत राहिले.

*

पावणेपाच वाजले होते. ताईने दोन मिनिटांत सगळं ऐकून घेतलं आणि मधेच त्यांना गप्प केलं. हे गोष्ट म्हणून छान आहे, ती म्हणाली, पण पाच वाजता माझे साहेब विचारतील, पुरावा काय? भावाने डबे मांडले, हे मी सांगू? नवं रक्त काढलं तरी तपासायला दोन दिवस लागतात.

"नळ्यांत रक्त उरलंय का?" हे सुनेने विचारलं. ती दारात उभी होती, टाचणी खांद्यावर.

"उरलंय. फ्रिजमध्ये."

"मग गट तपासा. आईंचा बी निगेटिव्ह आहे, त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्तासाठी मीच वणवण फिरले होते. माझा ओ पॉझिटिव्ह. पाच नंबरच्या नळीत कुणाचं रक्त आहे ते दोन मिनिटांत कळेल."

ताईने तिच्याकडे तोंड उघडं ठेवून पाहिलं. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला हे सुचलं नव्हतं. तिने जोडीदाराला फोन लावला. त्याच्या इमारतीत तळमजल्यावर रक्तपेढी होती. नळ्या घेऊन पळ, ती म्हणाली, आणि फोन बंद करू नकोस. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. पलीकडून धावण्याचा आवाज आला, दार, कुणाशी तरी घाईघाईचं बोलणं, मग काहीच नाही. पाच माणसं टेबलाभोवती उभी होती. पाचला सात मिनिटं कमी होती.

"पाच नंबर," जोडीदाराचा आवाज आला. त्याला धाप लागली होती. "ए मध्ये काही नाही. बी मध्ये गुठळ्या धरतायत. थांबा. आरएच नाही. बी निगेटिव्ह."

आई खुर्चीत बसली. "ते माझं," ती म्हणाली, जणू फोनमधल्या माणसाला ते सांगायला हवं होतं.

"एक नंबर बघ," ताई म्हणाली.

"बघतोय. ओ पॉझिटिव्ह."

मग जे झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. ताई रडत साहेबांना फोन लावत होती, थोरला आईला मिठी मारत होता, आणि ही मिठी त्या दोघांना अण्णा गेल्यापासून जमली नव्हती. साहेबांनी आधी शंका काढल्या. मग गटाचं ऐकल्यावर ते थांबले आणि हसायला लागले. नाव यादीत ठेवतो, ते म्हणाले, दोन दिवसांत नवं रक्त पाठवा, आणि यावेळी नंबर नर्सला लावू द्या. फोन ठेवताना ताईने सगळ्यांकडे वळून पाहिलं.

"सहावी," ती म्हणाली. "आपली टाचणी सहावी."

थोरला म्हणाला की धाकटा आणि त्याची बायको आता लांबचे नातेवाईक निघाले. इतकी दुर्मीळ गोष्ट दोघांतही आहे म्हणजे सात-आठ पिढ्या मागे कुठेतरी यांचा एकच खापरपणजोबा असणार. म्हणजे सून आधीपासूनच या घरच्या नात्यातली, तिने आता हक्काने भांडावं. सून हसली. आत गेली.

धाकटा तिच्या मागोमाग आला. त्याच्या केसांत अजून कागदाची कातरणं होती. हातभर हसू घेऊन आला होता तो, आणि तिचा चेहरा पाहून ते हसू जागच्या जागी थिजलं.

"तू खाली गेलास तेव्हा," ती म्हणाली, "माझ्याकडे बघितलंही नाहीस."

"कागद बघत होतो. चूक कुठे आहे ते सापडेना."

"मला वाटलं, तू गेलास."

"खाली गेलो होतो ना."

"तसं नाही. मला वाटलं, तू मला सोडून गेलास. तास-दीड तास मला असंच वाटत होतं. तुझ्या आईने मला धरलं, दादांनी हात पुढे केला, आणि तू एक शब्द बोलला नाहीस. मी तुझ्याबद्दल फार वाईट विचार केला." तिने पलंगावरचं दुपटं घडी करायला घेतलं. "त्या कागदावर तुझा विश्वास बसला, असं मला वाटलं."

तो गोंधळला. खरोखरच गोंधळला, आणि तो नाटक करत नव्हता हे तिला पाच वर्षांच्या सवयीने कळलं. असंही काही वाटून घ्यायचं असतं, हे त्या तास-दीड तासात त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"अगं," तो शेवटी म्हणाला, "लिफ्ट भलत्याच मजल्यावर थांबली तर मी मजल्यावर संशय घेतो का? मी वायर बघायला जातो."